सांग तिला

त्रिएस्तेच्या न्यायालयात, दुसऱ्या मजल्यावर,
नीवेस श्केर्क साक्षीदाराच्या किंचित मागे बसते,
त्याच्या खांद्याआडून त्याच्या शब्दांची वाट बघत.
नियम असा, की दुभाष्यानं ‘तो म्हणतो’ म्हणायचं नाही.
‘मी’ म्हणायचं.
मी चोरली कॉफीची पोती, तेरा, सातव्या गोदामातून.
मी प्यायलो होतो. मला आठवत नाही.
मी तिला ढकललं नाही, ती पडली.
वीस वर्षं ती हे असं बोलते आहे, आवाज न चढवता,
आणि दुपारी बाकावर बसून उकडलेलं अंडं सोलते
कुणाचाच गुन्हा अंगाला न लागल्यासारखी.

मी एकदा विचारलं, याच कामात कशी आलीस?
दोन भाषा येत होत्या म्हणून, म्हणाली.
मग अंडं अर्धं सोललेलं ठेवून:
बाबा स्लोव्हेन, वर पठारावरचे, दगडाच्या खाणीत.
आई इटालियन, बंदरातली.
दोघांनाही दोन्ही भाषा येत होत्या, बरं का.
तरी अकरा वर्षं जेवणाच्या टेबलावर
‘सांग तुझ्या आईला, मीठ दे म्हणावं.’
‘सांग तुझ्या बापाला, हात मोडलेत का?’
मीठ मधोमध. माझ्या ताटासमोर.

भाऊ टेबलाखाली कुत्र्यापाशी जाऊन बसायचा.
द्रागो आता पाणबुड्या आहे, जहाजांचे तळ खरवडतो.
खाली कुणी निरोप देत नाही, म्हणतो.

मी मात्र निरोप न्यायची.
इकडून तिकडे नेताना त्यातला काटा
वाटेतच काढून घ्यायची, माशाचा काढावा तसा.
कुणी विचारलं नाही, काढलेले काटे कुठे गेले.

इथे काटा काढायला बंदी आहे, ती म्हणाली,
इथे काट्यासकट पोचवायचा पगार मिळतो.
आणि हसली. मीठ लावून उरलेलं अंडं खाल्लं.

फेब्रुवारीत बोरा वारा सुटला होता,
खिडक्यांच्या काचा दात वाजवत होत्या.
एका म्हाताऱ्या जोडप्याचं विभक्तीचं प्रकरण.
लॉय्झे आणि ओंदीना, मधे चार खुर्च्या.
दिव्याच्या बिलावरून काहीतरी चाललं होतं.
तो न्यायाधीशांकडे बघायचं सोडून
नीवेसकडे वळला आणि स्लोव्हेनमध्ये काही म्हणाला.
नीवेस उठली.
‘तो म्हणतो,’ ती म्हणाली, न्यायाधीशांना नाही, ओंदीनाला,
‘तुम्हाला सांग म्हणतो, की जिन्यातला दिवा
नऊ वर्षं रोज रात्री तोच लावून ठेवत होता.’

दुभाष्यानं प्रथम पुरुषात बोलावं, न्यायाधीश म्हणाल्या.
नीवेस उभीच.

आता माझंही सांगायला हवं.
मी खाली, यंत्रापाशी, प्रत्येक शब्द टिपणारा.
आमच्या घरी संध्याकाळी बोललेलं
सकाळी कुणी बोललेलंच नसायचं.
‘मी असं म्हटलंच नव्हतं.’ ‘तुला स्वप्न पडलं.’
सातव्या वर्षी मी वही केली, तारीखवार,
आणि गादीखाली ठेवली.
ती वही अजून भरतोच आहे, एवढंच,
आता सरकारी कागदावर.

तर ओंदीना. तिनं मान वर केली
आणि नवऱ्याच्या भाषेत, नवऱ्याकडे बघून
दोनच शब्द बोलली.
तो काही बोलला नाही. टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला.
नीवेस खाली बसली, हात मांडीवर घेऊन,
जेवण आटोपल्यावर ‘जा, खेळ जा’ म्हटलेल्या मुलीसारखी,
जिला खेळायचं कसं ते आठवत नाहीये.

मला स्लोव्हेन येत नाही.
काय म्हणाली? मी कुजबुजलो. लिहायचंय मला.
पडद्यावर रेघ लुकलुकत होती.
नीवेसनं माझ्याकडे पाहिलं.
तो निरोप नव्हता, म्हणाली.